ग्रामसभेआधी गावाचा नकाशा रांगोळीत काढा

ग्रामसभेची दवंडी होते, फळ्यावर नोटीस लागते, पण येतं कोण? एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढ्यांवर गणपूर्ती होते. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब. मग बंधारा कुठे घालायचा, पाणंद कोणती आधी करायची, हे चार-दोन माणसं ठरवतात आणि बाकीचे वर्षभर पारावर बसून कुरकुरतात.

यावर एक सोपा, बिनखर्चाचा उपाय आहे. देवळापुढच्या पटांगणात सर्वांनी मिळून गावाचा नकाशा रांगोळीने काढायचा. पाणलोटाच्या कामांत गाव आराखडा करताना ही पद्धत वापरली जाते.

नकाशा कसा काढाल?

सकाळी शिवारफेरी करा, म्हणजे ओढे-नाले डोळ्यांखालून जातील. जागा सारवून किंवा पाणी मारून घ्या. आधी उत्तर दिशा, देऊळ आणि शाळा ठरवा. चुन्याने रस्ते, निळीने ओढे, विटकरीच्या भुकटीने घरं-वस्त्या, पाल्याने झाडी दाखवा. चालू विहिरीवर निळा ठिपका, आटलेल्या विहिरीवर राख. हातपंप बंद असेल तर तिथे खडा ठेवा.

रांगोळीचा हात बायकांचा. त्यांनाच पुढे करा. पाणी कुठून आणावं लागतं, अंधारात कोणत्या वाटेने जायची भीती वाटते, हे त्या बरोबर दाखवतात. सभेत पदराआड बसणारी बाई इथे बोट ठेवून बोलते. लांबच्या वस्तीवरची माणसंही बोलवा. नाहीतर त्यांची वस्ती नकाशातून सुटते आणि मग आराखड्यातूनही सुटते.

बांधावरून, वाटेवरून वाद होतील. होऊ द्या. रांगोळी पुसून दुरुस्त करता येते. चुकीच्या जागी घातलेला सिमेंटचा बंधारा पुसता येत नाही.

पुढे काय?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना विनंती, की नकाशा पुसण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, कागदावर उतरवा आणि त्यावर कामांचा क्रम लिहा. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यायचीच असते. तिच्यापुढे आणि मग ग्रामसभेपुढे हाच कागद ठेवा. ठराव झाला की तो नकाशा मंजूर कामं आणि रकमेसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. भिंतीवरचा आकडा सगळं गाव वाचतं. हे पुढचं केलं नाही, तर रांगोळी नुसती शोभेचीच राहील आणि पुढच्या वेळी बोलावलं तरी कुणी येणार नाही.

गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारत. आधी हात कामाला, मग बोलणं, ही त्यांची रीत इथेही लागू पडते.

एप्रिलात विहिरींचा खरा तळ दिसतो. 1 मेच्या ग्रामसभेआधी एक सकाळ यासाठी काढा. पुढच्या वर्षी पुन्हा काढा आणि राखेचे ठिपके किती कमी झाले ते मोजा.