पोटाखालचा घोडा

बंदुकीचा घोडा कुठं असतो, हे सिनेमा पाहणाऱ्या कुणालाही विचारा. वर, मागच्या बाजूला, अंगठ्याला सापडेल असा. आता तोच घोडा तिथून काढून नळीच्या पोटाखाली, चापाच्या जरा पुढे बसवा. चाप ओढला की तो खालून वर उसळतो आणि नळीच्या तळाला असलेल्या कॅपवर आदळतो. फरक जेमतेम वीतभर जागेचा. पण या एका सरकासरकीने बंदुकीतले निम्म्याहून अधिक भाग अनावश्यक ठरले, नेम सुधारला, आणि बंदूक हाताळायच्या सवयीही बदलाव्या लागल्या.

१८३०च्या दशकात अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातल्या विंडसर गावात निकॅनॉर केंडल नावाचा बंदूककार अशा ठासणीच्या बंदुका करत होता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. हिवाळ्यात हा आपल्या वाग्दत्त वधूला घेऊन बर्फावरच्या घसरगाडीतून निघाला होता. पांघरुणाखालची बंदूक ओढून काढताना घोडा अडकला, बार उडाला आणि ती थोडक्यात बचावली. मग त्याने वरचा घोडा खाली नेला. गोष्टीत मीठमसाला किती, ते सोडून देऊ. न्यू इंग्लंडच्या त्या टापूत असे घोडे बसवणारा केंडल काही एकटा नव्हता. त्याचा कारखाना मात्र खरोखरच चमत्कारिक जागी होता: विंडसरच्या तुरुंगात. हातात कानस घेऊन बसलेले कारागीर म्हणजे शिक्षा भोगणारे कैदी.

ही रचना रुळायला आधी कॅपचा शोध लागावा लागला. चकमकीच्या बंदुकीत घोड्यातली गारगोटी पोलादावर घासायची, ठिणग्या बाहेरच्या पेल्यातल्या रंजकावर पडायच्या, रंजक भडकायचं आणि ती ज्वाळा बारीक भोकातून आतल्या दारूपर्यंत पोचायची. मध्ये एक क्षण जायचा. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ पक्ष्यांची शिकार करत, आणि पक्षी नेमका त्या क्षणात रंजकाचा भडका पाहून उडून जात. वैतागून त्यांनी आघाताने पेटणारी रसायनं वापरायची युक्ती शोधली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे त्याच कल्पनेतून तांब्याची इवलीशी टोपी आली, म्हणजे कॅप. आत चिमूटभर स्फोटक. पोकळ निपलवर ती बसवायची, घोडा आदळला की ज्वाळेची सुई निपलमधून आत.

पण बहुतेकांनी जुन्याच सांगाड्यावर नवं यंत्र चढवलं. घोडा नळीच्या बाजूला राहिला, निपलही बाजूला, त्यामुळे ज्वाळेला वळण घेत दारूपर्यंत जावं लागे. त्या वळणात काजळी साचते, तेल राहतं, पाणी अडकतं. पोटाखालच्या घोड्यात निपल सरळ नळीतच पेचाने बसवलेलं असतं. त्याच्या वरच्या टोकापाशी दारू सुरू होते. दारू ओततानाच चार दाणे निपलच्या तोंडाशी उतरतात आणि ज्वाळेची वाट बघत बसतात. याहून जवळचा रस्ता काढायला जागाच उरलेली नाही.

यंत्राचंही तसंच. बाजूच्या घोड्याच्या बंदुकीत पट्टी, घोड्याचा आस, खाचेचं चाक, अडकवणी, दोन कमानी आणि मूठभर स्क्रू, असा डझनभर भागांचा संसार लाकडात कोरून बसवावा लागतो. इथे घोडा, चाप आणि कमान. घोड्यालाच खाच असते, चापाचं टोक थेट तिच्यात अडकतं. काही कारागिरांनी तर चापाभोवतीचं धातूचं कडंच कमान म्हणून वापरलं. बोटाचं रक्षण करणारी वस्तूच घोड्याला जोर देते! मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त कौतुक या कड्याचं वाटतं. काही नवीन जोडून हुशारी दाखवणं सोपं असतं; आहे त्याच वस्तूला दुसरं काम देणं अवघड.

नेमबाजांनी ही बंदूक उचलली नसती तरच नवल. वर काहीच नसल्यामुळे नजरेच्या रेषेत अडथळा नाही, फुटलेल्या कॅपचे तुकडे डोळ्यांकडे उडत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा विल्यम बिलिंगहर्स्ट आणि न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निशचा डेव्हिड हिलियर्ड यांच्या अशा रायफली नावाजलेल्या होत्या. त्या काळच्या नेमबाजीच्या चांगल्या रायफलींना एक ‘खोटं तोंड’ही असायचं. नळीच्या टोकाचा तुकडा कापून वेगळा काढायचा, पण आतल्या पेचदार खाचा दोन्ही एकत्र धरून पाडायच्या. गोळी ठासताना तो तुकडा लावायचा, उडवण्याआधी काढायचा. गोळी सरळ उतरते आणि नळीची खरी कड गजाच्या घासण्यातून वाचते. १८४० मध्ये याचं पेटंट घेणारा माणूस होता अल्व्हन क्लार्क. हाच पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी जगप्रसिद्ध झाला. त्याच्या मुलाने १८६२ मध्ये नव्या भिंगाची परीक्षा घेताना व्याधाच्या ताऱ्याचा मंद जोडीदार पहिल्यांदा पाहिला. केसाएवढी चूक न खपवणारी नजर या घराण्यात बंदुकीपासूनच होती म्हणायची.

आता निगा. ती समजायला काळ्या दारूचा स्वभाव समजायला हवा. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळते तेव्हा तिचा सगळा वायू होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७०च्या दशकात बंद भांड्यात ती जाळून मोजमाप केलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वजन घन पदार्थांच्या रूपात मागे राहतं असं दिसलं. पांढरा धूर म्हणजे तेच कण, आणि नळीत चिकटतो तो थरही तेच. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात, आणि ओल्या क्षारांखाली लोखंड रातोरात गंजायला लागतं.

या थराचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १८५७च्या उठावाच्या वेळच्या एन्फिल्ड रायफलच्या काडतुसाला चरबी होती हे शाळेतलं पोरही सांगेल. ती का होती, हे फारसं कुणी विचारत नाही. एन्फिल्डसुद्धा ठासणीचीच. कागदी पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, मग वंगण लावलेल्या कागदासकट गोळी ठासायची. काही बार उडाले की कोरडी काजळी घट्ट होऊन पुढची गोळी उतरेना. चरबी त्या काजळीला मऊ ठेवायची. आणि योगायोग असा, की केंडलच्या त्याच विंडसर गावातल्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीकडून ब्रिटिशांनी १८५०च्या दशकात एन्फिल्डच्या कारखान्यासाठी यंत्रं मागवली. यातला लॉरेन्स सुरुवातीला केंडलच्या तुरुंगातल्या कारखान्यात कामाला होता.

ती चरबी आजही कामाची. गोल गोळीभोवती सुती चिंधी गुंडाळतात, तिला मेण आणि प्राणिज किंवा वनस्पतिज स्नेहाचं मिश्रण लावतात. खनिज तेल मात्र काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो. दोन बारांच्या मध्ये ओलसर चिंधी एकदा फिरवली की पुढची गोळी सुखाने उतरते.

दिवस संपला की खरा उपाय पाणी. क्षारच ते, पाण्यात विरघळणार. बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची, निपल काढायचं, नळी सुटी होत असेल तर तिचा तळ साबणाच्या कोमट पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि गजावर घट्ट चिंधी लावून वरखाली करायची. नळी पिचकारीसारखी पाणी ओढते आणि फेकते. सडक्या अंड्यांचा वास येतो, तो गंधकाचा. पाणी नितळ येईपर्यंत हे चालू ठेवायचं, मग कोरड्या चिंध्या, मग तेलाचा पातळ हात. पोटाखालच्या घोड्याची बंदूक इथेही सोयीची: घाण पाणी खालच्या भोकातून सरळ खाली गळतं, बाजूच्या यंत्रात शिरत नाही. अशा बऱ्याच बंदुकांना पुढचं लाकूडही नसतं, त्यामुळे ओल धरून ठेवायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवायची. ती तांबूस आली तर काम अपुरं राहिलंय. कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवणाऱ्यांना पावसाळ्यात हे वेगळं सांगायला नको.

निपलचं भोक झिजून मोठं झालं तर निपलच बदलायला हवं. नाहीतर बार उडताना वायू मागे फिरून घोड्यालाच ढकलतो आणि कॅपचे तुकडे जोराने उडतात.

बार भरण्यातला प्रत्येक नियम कुठल्या तरी भौतिक कारणाशी बांधलेला आहे. धूरविरहित आधुनिक दारू या नळीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही. तिचा दाब या धातूला पेलत नाही, नळी फुटते. मोठ्या डब्यातून किंवा शिंगातून दारू थेट नळीत ओतायची नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर हातातला सगळाच साठा पेटेल. आधी मापात, मग मापातून नळीत. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर दाब भलतीकडे चढतो आणि नळी फुगते किंवा फाटते. म्हणून गजावर दोन खुणा करतात: एक रिकाम्या नळीची, दुसरी नेहमीच्या भरलेल्या बाराची. या खुणांची किंमत अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणांगणावरून कळते. १८६३च्या त्या लढाईनंतर गोळा केलेल्या २७ हजारांहून अधिक बंदुकांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या, त्यातल्या निम्म्यांत दोन-दोन बार होते, आणि एकीत तेवीस! गोंधळात शिपाई ठासतच राहिले, बार उडतोय की नाही हे त्यांना कळलंच नाही.

मग खास पोटाखालच्या घोड्याच्या बंदुकीच्या गोष्टी. कॅप उलटी लटकते. सैल असेल तर पडते, म्हणून निपलच्या मापाचीच हवी. बऱ्याच नमुन्यांत घोड्याला अर्ध्यावर थांबायची खाच नसते, त्यामुळे कॅप लावून हिंडणं नाहीच. नळी लक्ष्याकडे वळवूनच, अगदी शेवटी कॅप चढवायची. घोडा खाली झुकत असल्याने वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवताना तो कशाला अडत नाही ना, हे पाहायचं. चेहरा वाचला तरी तुकडे खाली उडतात, म्हणजे आधार देणाऱ्या हाताच्या मनगटावर. हात पुढे सरकवून धरायचा, चष्मा आणि कानबोळे तरीही हवेतच.

चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ झाला, तर सर्वात मोठा मोह बंदूक फिरवून पाहण्याचा. दारू आत धुमसत असू शकते. निदान पूर्ण मिनिटभर नळी लक्ष्याकडेच ठेवायची, मगच नवी कॅप.

आणि घरात भिंतीवर आजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक टांगलेली असेल, तर परवान्याच्या कागदांइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. निपलवर कॅप नाही हे पाहा, मग नळीच्या तोंडासमोर चेहरा किंवा हात न आणता लाकडी काठी नळीत हलकेच सोडा, नळीच्या कडेशी काठीवर खूण करा, आणि काठी बाहेर काढून नळीशेजारी धरा. काठीचं टोक निपलपाशी पोचलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, आणि ते काढायचं काम परवानाधारक बंदूक कारागिराचं.