कामगाराचा जीव निविदेबाहेर का?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्यानंतर शासन हलले आणि जून २०१७ मध्ये नवा पूल खुलाही झाला. म्हणजे शासनाने मनावर घेतले की ठेकेदाराला मुदत पाळावी लागते. मग त्याच करारात मजुराच्या जिवाची अट तितक्याच काटेकोरपणे का घातली जात नाही?

हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर आज दारात उभा आहे. अटल सेतू झाला, विमानतळ झाले, आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या खाडीपुलांची पाळी आहे. हे काम ज्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, त्याच महामंडळाच्या समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण ठार झाले. चौकश्या होतात, मदत जाहीर होते. पण निविदेची रीत बदलते काय?

रीत अशी की सर्वात कमी दर भरणाऱ्याला काम. सिमेंट आणि लोखंड अभियंता मोजून घेतो. तिथे कपात केली तर बिल अडते. मग कपात कुठे होते? जे कुणी मोजत नाही तिथे! परांची, जाळी, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट यांत. वरून ठेकेदाराचा पोटठेकेदार, त्याचा मुकादम. शेवटी उंचावर चढतो तो नाक्यावरचा मजूर : दलित, आदिवासी, भटका, परप्रांतीय.

कायदा नाही असे नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगारांच्या वर सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. पण गावातला साकव, शाळेची खोली, पाण्याची टाकी यांवर ३०-४० मजूर असतात. त्यांचा वाली कोण? उपकरातून कल्याणकारी मंडळ चालते, त्याची मदत मोलाची आहे. परंतु मृत्यूनंतरचा धनादेश पडणाऱ्याला झेलत नाही.

उपाय अवघड नाही. हाँगकाँगने १९९६ पासून सरकारी कामांत सुरक्षेची रक्कम वेगळी काढली. तिच्यावर दरांची स्पर्धा नाही. केले तेवढे मोजून पैसे, नाही केले तर नाही. आपल्या अंदाजपत्रकातही सुरक्षा ही स्वतंत्र बाब हवी. तपासणीशिवाय बिल निघू नये. अपघात लपवणाऱ्याला पुढची निविदा भरता येऊ नये.

'ठेकेदाराची जबाबदारी' म्हणून शासनाला हात झटकता येणार नाहीत. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ते बजावले आहे. आणि बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. कागदावर सही करून ते थांबले नाहीत.

महाड आपल्याला आणखी एक धडा देते. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे सर्वांना खुली करावीत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ चा. तो पाळला जाईना, तेव्हा न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव १९२६ मध्ये आला. पैशाची दोरी ओढल्याशिवाय ठराव हलत नाहीत, हे तेव्हाच कळले होते. आणि तरीही २० मार्च १९२७ ला तळ्यावर आपल्यालाच जावे लागले!

म्हणून कार्यकर्त्यांनो, आपल्या गावातल्या सरकारी कामाची निविदा माहिती अधिकारात मागा. त्यात सुरक्षेची बाब शोधा. नसेल तर ग्रामसभेत विचारा. पैसा आपला आहे, आणि मरणारेही आपलेच आहेत.