स्वस्त हप्त्यात काय कापलं जातं?

मी मूळचा बेळगावचा. पोटापाण्यासाठी बेंगळुरूत आलो आणि इथलाच झालो. काम मोटार सर्व्हेअरचं. गाडी ठोकली, बुडाली किंवा तिच्यावर झाड पडलं की वर्कशॉपमध्ये जाऊन नुकसान मोजायचं आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा. आमचा परवाना विमा नियामक आयआरडीएआयचा असतो आणि ५० हजारांवरच्या मोटार क्लेमला असा सर्व्हेअर नियमानं लागतोच. तरी गाडीवाल्यांच्या लेखी मी म्हणजे पैसे कापणारा माणूस. खरं तर कात्री पॉलिसीतच छापलेली असते. रिन्यूअलच्या वेळी ती कोणी वाचत नाही.

सप्टेंबर २०२२चा पूर घ्या. ५ तारखेला बेळ्ळंदूर, येमलूर, सर्जापूर रोड हा सगळा भाग पाण्यात होता. तलाव भरून वाहिले आणि पाणी वाहून नेणाऱ्या राजकालुव्यांवर ठिकठिकाणी बांधकामं झालेली. आयटीतली माणसं ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला निघाली. बेसमेंटमधल्या गाड्यांची दशा नंतर वर्कशॉपांत दिसली. एकाच बेसमेंटमधल्या दोन गाड्या आल्या. एकीचा क्लेम फारशी खळखळ न होता मिटला. दुसरीच्या इंजिनाचं बिल मालकानं स्वतः भरलं. त्यानं पाणी उतरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारला होता. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते, गाडी पुरानं भिजली, तेवढं आम्ही देऊ. इंजिन मोडलं ते तुमच्या स्टार्टरनं. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर अशाच नुकसानीसाठी असतं. त्याच्या अटी कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे त्याही वाचाव्या लागतात. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याचे फोटो काढायचे आणि टोइंगवाल्याला बोलवायचं, हे मात्र सगळ्यांनाच लागू.

एप्रिल-मेच्या वळवानं जयनगर, मल्लेश्वरममध्ये झाडं कोसळतात, तेव्हा वेगळाच गोंधळ असतो. ‘इन्शुरन्स आहे हो’ म्हणत मालक कागद पुढे करतात आणि तो निघतो नुसता थर्ड पार्टीचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे तो एवढाच विमा. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा कोणी जखमी झालं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई त्यातून मिळते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंतची मर्यादा आहे. तुमच्या चेपलेल्या टपाला त्यातून दमडीही मिळत नाही. याचा दर केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२पासूनच्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. बेळगावची केए-२२ असो की बेंगळुरूची केए-०५, हा आकडा तोच.

फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या, म्हणजे ‘ओन डॅमेज’च्या हप्त्यात. तिथे कंपन्या आपापले दर लावतात आणि तिथेच एजंट ‘दोन हजार कमी करून देतो’ म्हणतो. ते कमी कसे झाले हे पाहायला आयडीव्हीचा रकाना बघायचा. आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत. नव्या गाडीची सहा महिन्यांतच ती ५ टक्के उतरते, पाच वर्षं होईतो निम्मी होते. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर जाऊन ‘टोटल लॉस’ ठरला, तर याच आकड्यावर पैसे मिळतात. हप्ता उतरवायला तो आधीच खाली आणला असेल, तर त्या दिवशी लाखभराचा खड्डा पडतो.

दुसरी कात्री घसाऱ्याची. प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर निम्मे पैसे कापले जातात. धातूची कपात वयाप्रमाणे वाढत दहा वर्षांनंतर ५० टक्क्यांवर जाते. काचेला मात्र कपात नाही. ‘झिरो डेप’ हे जादा कव्हर घेतलं तर ही कपात टळते.

आमच्याकडचाच एक तरुण मागे सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत बंपर फोडून आला. “सर, क्लेमात घालून टाका की ओ!” त्याला झिरो डेप नव्हतं. मजुरी बाजूला ठेवून मी कागदावर हिशेब मांडला. बंपर ८,००० रुपयांचा. प्लॅस्टिक म्हणून निम्मे गेले, उरले ४,०००. सक्तीचा स्वतःचा वाटा १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, हातात ३,०००. त्याचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० आणि क्लेमविना गेलेल्या वर्षांचा नो क्लेम बोनस ५० टक्के. क्लेम घेतला की तो शून्यावर, म्हणजे पुढच्याच वर्षी ६,००० जादा. पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढायच्या. त्यानं बंपर स्वखर्चानं बसवला. हा बोनस गाडीला नसतो, मालकाला असतो. गाडी विकली तरी तो नव्या गाडीवर घेता येतो. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो जातो.

सर्व्हेअरचं म्हणणं पटलं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कर्नाटकासाठी त्याचं कार्यालय बेंगळुरूतच आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

‘किती कमी होईल?’ हे रिन्यूअलच्या वेळी सगळेच विचारतात. त्याच दमात ‘काय कमी केलंत?’ हेही विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.