ऊन, बरगड्या आणि डबा

आमच्या भागात लहान मुलाला न्यूमोनिया झाला की ‘पोराला डबा झाला’ असे म्हणतात. लोहाराच्या भात्यासारखे पोट उडते. मूल दूध सोडते. फुप्फुसांत रोगजंतू शिरतात, आणि तिथल्या हवेच्या बारीक पिशव्या पू-पाण्याने भरतात. मग हवा जाणार कुठे?

एका मुलाचा डबा औषधाने लवकर उतरतो, दुसऱ्याच्या जिवावर बेतते. असे का? कारणे पुष्कळ आहेत. उपासमार आहे, चुलीचा धूर आहे, गोवर आहे. एक कारण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे अंगाला ऊन न लागणे.

उन्हाचा आणि छातीचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. सांगतो. उघड्या कातडीवर ऊन पडले की शरीर ‘ड’ जीवनसत्त्व तयार करते. अन्नातले कॅल्शियम अंगी लागायला ते लागते. ते नसेल तर मुलाची हाडे मऊ राहतात. यालाच मुडदूस म्हणतात. पाय वाकतात, मनगटे जाड होतात. हे सर्वांना दिसते. पण बरगड्याही मऊ होतात, तिकडे कोण पाहतो? छातीच्या पिंजऱ्याच्या काड्याच ओल्या फोकासारख्या वाकू लागल्या, तर मुलाने श्वास ओढावा कसा, आणि खोकून कफ काढावा कसा? शिवाय रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही हे जीवनसत्त्व लागते.

आफ्रिकेत इथिओपिया देश आहे. तिथे उन्हाला तोटा नाही. तरी तिथल्या डॉक्टरांना काय दिसले पाहा. त्यांनी न्यूमोनिया झालेली ५०० मुले तपासली, आणि न्यूमोनिया नसलेली ५०० तपासली. पहिल्यांत २१० मुलांना मुडदूस निघाला. दुसऱ्यांत फक्त २० जणांना! हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ऊन दारात असून भागत नाही, ते अंगावर पडावे लागते. आपल्याकडेही बाळ-बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत कोंडतातच की.

मग सगळ्याच मुलांना हे औषध पाजले तर डबा टळेल का? तेही करून पाहिले आहे. अफगाणिस्तानात काबूल शहरी तीन हजारांवर तान्ही मुले निवडली. निम्म्यांना दर तीन महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला, निम्म्यांना नुसतेच बिनगुणाचे औषध. असे दीड वर्ष चालले. २०१२ साली निकाल छापून आला. डोस घेतलेल्या मुलांत न्यूमोनिया काही कमी झाला नाही.

तेव्हा बाजारात कोणी ‘ही बाटली घ्या, डबा होणारच नाही’ म्हणाला तर पैसे कनवटीलाच ठेवा. हे जीवनसत्त्व फार झाले तर मूत्रपिंडांना अपाय होतो. तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब डॉक्टर सांगतात, तेवढे द्यावेत. बाळाला न्हाऊ घालण्याआधी तेल लावता ना? ते अंगणात लावा. डोळ्यांवर सावली धरा, आणि काही मिनिटे ऊन लागू द्या. बंद काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही.

आता डबा झालाच तर? तेव्हा उन्हात बसवून भागायचे नाही, आणि पोटावर डाग तर मुळीच देऊ नये. मूल शांत असताना पोट उघडे करा. घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, किंवा मूल अंगावर पीत नसेल, तर रात्र असली तरी निघा. मोजणे जमत नसेल तर आशाताईला बोलवा, तिला ते शिकवलेले असते.