घोडी की तराजू?

विद्युत गिटार वाजवणारा वादक मधूनच घोडीजवळची एक दांडी दाबतो. सूर खाली घसरतो आणि दांडी सोडली की पुन्हा वर येतो. घोडी म्हणजे वाद्याच्या अंगावरचा, तारांना आधार देणारा भाग. अशा हलत्या घोडीला 'ट्रेमोलो' म्हणतात. खरे तर ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेतील कंप आणि येथे बदलते ती स्वराची उंची. पण लिओ फेंडर यांनी १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या घोडीला हे नाव दिले आणि ते रूढ झाले.

दांडी सोडल्यावर सूर नेमका जागेवर येतो का? साध्या हलत्या घोडीत पुष्कळदा येत नाही. याचे कारण घर्षणात आहे. दांडी दाबली की तार सैल होते आणि मानेच्या टोकावरील खाचेतून किंचित सरकते. दांडी सोडल्यावर ती खाचेत अडकते आणि पूर्ण परतत नाही.

हे 'किंचित' किती महत्त्वाचे आहे, ते हिशेबाने पाहू. सर्वांत बारीक तार ०.२३ मिलिमीटर जाडीची आणि कंप पावणारी लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर धरू. या तारेवर सुमारे ६ किलो वजनाइतका ताण असतो आणि ती सेकंदाला ३३० कंपने करते. पोलाद फारच कमी ताणले जाते. त्यामुळे तार केवळ ०.१ मिलिमीटर सरकली तरी ताण सुमारे २ टक्क्यांनी बदलतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने ती १ टक्क्याने, म्हणजे तीनसाडेतीन कंपनांनी बदलते. दोन तारा एका सुरात लावून एक एवढी सरकली, तर सेकंदाला तीन विस्पंद स्पष्ट ऐकू येतात.

यावर अमेरिकेतील फ्लॉइड रोझ यांनी सरळ उपाय केला. तार सरकते ना? मग दोन्ही टोकांना ती पकडीत आवळून टाकावी! त्यांना १९७९ मध्ये याचे पेटंट मिळाले. मात्र पकड आवळल्यावर मानेवरच्या खुंट्या निरुपयोगी होतात. म्हणून पुढे घोडीवरच बारीक स्क्रू बसवण्यात आले. आपल्याकडे मिरजेचे तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांना ही दुहेरी युक्ती जुनीच आहे. खुंटीने सूर ढोबळ लावायचा आणि घोडीमागचा मणी सरकवून तो बारीक जुळवायचा.

आता घोडी कशावर फिरते ते पाहू. फ्लॉइड रोझची घोडी दोन खिळ्यांवर धारेने टेकलेली असते. शाळेतील भौतिक तराजूची दांडी धारेवर टेकते, तसेच हे. समोरून सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोंच्या जोराने ओढतात आणि मागून स्प्रिंगा तेवढाच तोल सांभाळतात. धार तीक्ष्ण असेल तोवर घोडी अचूक परतते, ती बोथट झाली की नाही. केलर पद्धतीत धारेऐवजी बॉल बेअरिंगवर फिरणारा भाग असतो आणि तारा लहान चाकांवरून जातात. तिची हालचाल गुळगुळीत असते आणि धार झिजण्याचा प्रश्न नसतो, पण फिरणारे सुटे भाग अधिक असतात.

मालवणच्या दक्षिणेस, अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावी हा फरक महत्त्वाचा ठरतो. खाऱ्या वाऱ्यातील मिठाचे कण पोलादावर बसतात, ओलावा शोषतात आणि गंज चढवतात. गंजलेली धार खडबडीत होते आणि घोडी अडकू लागते. बेअरिंगही गंजतेच, शिवाय ते झाकलेले असल्याने गंज लवकर दिसत नाही. धार निदान पुसता येते, तिला तेलाचा थेंब देता येतो. म्हणून किनाऱ्यावरच्या नवशिक्याने तिसरा मार्ग निवडावा हे बरे: घोडी गिटारच्या अंगावर घट्ट टेकवून ठेवावी आणि दांडी फक्त खाली दाबावी. सूर वर चढवता येत नाही हा तोटा, पण परतीची जागा पक्की राहते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे मात्र कोणत्याही घोडीला चुकत नाही.

वर्गात घर्षणाचा प्रयोग गिटारशिवाय करता येतो. लाकडी पट्टीच्या कडेला खाच करून तीतून दोरा न्यावा. एका टोकाला वजन टांगावे, दुसरे टोक ताणकाट्याला बांधावे. वजन सावकाश वर ओढताना आणि खाली सोडताना काट्याचे आकडे वेगळे येतील. हा फरक घर्षणाचा. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासून पुन्हा मोजावे.

शेवटी मुलांना विचारावे: तराजूसारख्या तरंगत्या घोडीची एक तार तुटली, तर उरलेल्या पाच तारांचा सूर उतरेल की चढेल? बहुतेकांना उतरेल असे वाटते. तुटलेल्या तारेची ओढ गेल्यावर स्प्रिंगांचे पारडे जड होते, हे लक्षात आले की उत्तर उलटते: सूर चढतो. घोडी अंगावर टेकलेली असेल तर काय होईल, हे त्यांनाच शोधू द्यावे.