मत्स्यालयातील आजारी पाने

धारला साडेबारा तलावांची नगरी म्हणतात. देवासला मीठा तलाव आहे. माळव्यातील तळ्यांमधून फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला ह्या पाणवनस्पती आपसूक फोफावतात. त्यांना कोणी खत घालीत नाही की औषध पाजीत नाही. परंतु नाना जातींचे मासे एकत्र नांदविणाऱ्या काचेच्या टाकीत ह्याच वनस्पती लावल्या, की पुष्कळदा पंधरवड्यात पाने पिवळी पडतात, झिरझिरीत होतात, त्यांना भोके पडतात. मग घरधनी माशांच्या रोगावरचे औषध आणून पाण्यात ओततात. त्यात तांब्याचा क्षार असेल तर पाने सुधारणे दूरच. प्रथम गोगलगाई मरतात, त्या कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि अखेर मासेही दगावतात. औषधाआधी निदान हवे, आणि निदानाचा पहिला प्रश्न असा की, बिघडलेले पान जुने की नवे?

नत्र, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडले, तर वनस्पती ही द्रव्ये जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याकडे धाडते. घरात धान्य अपुरे असता वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटातले पोरांना वाढावे, तसाच हा व्यवहार. साहजिकच जुनी पाने आधी झिजतात. नत्राच्या अभावी सबंध पान पिवळे होते. पालाशाच्या अभावी त्यावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडून ती मोठी होत जातात. माशांची विष्ठा भरपूर असलेल्या टाकीत नत्राचा तुटवडा क्वचितच. पालाशाचा अधिक संभवतो. लोहाचे तसे नाही. ते एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. म्हणून त्याच्या अभावी कोवळे पानच फिकट उगवते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

माळव्यात येथे एक विशेष अडचण येते. बेसॉल्ट खडकातून व चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतून झिरपलेले विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन असते. साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाशी पुटे चढतात. अशा अल्कधर्मी पाण्यात लोह विरघळलेले राहत नाही, साका होऊन तळाशी बसते. ते पाण्यात ओतीत राहण्यापेक्षा खताची गोळी मुळांशी पुरणे बरे. ह्याच पाण्यात व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर खरखरीत पांढरा थर धरतो. तो रोग नव्हे. पाण्यात मोकळा कर्बवायू अपुरा असला, की ही वनस्पती विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेते आणि चुना पानावर मागे राहतो.

सगळीच भोके उपासमारीची नसतात. कडा कुरतडलेल्या असतील तर गोल्डफिशवर नजर ठेवावी. ॲमेझॉन सोर्डच्या रुंद पानाचा गर खरवडला जाऊन जाळी उरली असेल, तर काच चाटणारा सकर मासा संशयित. गोगलगाईवरचा आळ बहुधा अन्यायाचा असतो. ती मुख्यतः मरू घातलेले पान खाते. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एका पात्रात ठेवली, तेव्हा कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले. त्यांनी तळ्यातील गोगलगाई आत सोडल्या आणि पाणी निवळले.

नवी आणलेली क्रिप्टोकोरिन आठवड्यातच विरघळू लागली, तर घाबरून उपटू नये. रोपवाटिकेत ती पुष्कळदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढविलेली असते. हवेतली पाने पाण्यात टिकत नाहीत. सडलेली पाने कात्रीने काढून टाकावी, मुळे जागेवर राहू द्यावी. ती घट्ट असतील तर काही आठवड्यांत पाण्याला साजेशी पाने फुटतात. जुन्या पानांची भोके मात्र कोणत्याही खताने बुजत नाहीत; उपाय लागू पडला की नाही, हे पाहावयाचे ते त्यानंतर उगवलेल्या पानावर.