वीरगळ दिसतो, पण सापडत नाही

गावोगावच्या वीरगळांची छायाचित्रे मी संकेतस्थळावर ठेवत आलो आहे. त्यांतला एक दगड पुढे रस्तारुंदीत गेला. आता त्याचे चित्रच काय ते उरले. ते गुगलच्या चित्रशोधात काही केल्या येईना. काही दिवस यंत्राला बोल लावला. पण दोष माझाच होता. फायलीला कॅमेऱ्याने दिलेले ‘डीएससी-०४१७’ हेच नाव होते आणि चित्राखाली एक अक्षरही नव्हते.

वीरगळ आपण खालून वर वाचतो. तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. यंत्रालाही हल्ली चित्रातले थोडेफार कळते, पण ते मुख्यतः भोवतालच्या शब्दांवर विसंबते: फायलीचे नाव, चित्राखालची ओळ, शेजारचा मजकूर आणि ‘ऑल्ट’.

या ऑल्टचा जन्म शोधासाठी झालेला नाही. पानात चित्र बसवण्याची खूण मार्क अँड्रीसन यांनी १९९३ साली सुचवली. चित्र उमटलेच नाही, तर त्याजागी वाचायचा मजकूर म्हणजे ऑल्ट. १९९५च्या एचटीएमएल २.० मध्ये तो आहे. आज दृष्टिहीन वाचकाला त्याचे यंत्र तोच मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. म्हणून ‘वीरगळ, वीरगळ फोटो, जुने वीरगळ’ अशी माळ ओवणे मला असभ्यपणाचे वाटते. ‘बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ, वल्ह्यांच्या गलबतांची लढाई’ एवढे पुरे. बरेच जण ‘विरगळ’ असा ऱ्हस्व लिहून शोधतात, तेव्हा ते रूपही लेखात एकदा यावे. फायलीच्या नावात शब्दांमध्ये अधोरेषा नको, संयोगचिन्ह हवे. गुगलचा सल्ला तसाच आहे.

आणखी एक चूक शोभेपायी झाली. एक शिळा मी पानाची पार्श्वभूमी म्हणून सीएसएसमधून लावली होती. अशी चित्रे गुगल आपल्या सूचीत घेतच नाही.

आकाराचे थोडक्यात: मूळ फाइल घरी जपावी, पानावर वेबपी किंवा जेपेगमधली हलकी प्रत द्यावी. मात्र इतकी दाबू नये की अक्षरेच पुसट होतील. शिलालेखाच्या चित्राला मी थोडे वजन सोसतो.

सध्या जुन्या डायऱ्या काढून एकेका चित्राला नाव देतो आहे. काहींचे गावच मी टिपलेले नाही. तिथे ‘गाव अज्ञात’ असे लिहिले आहे.